एका बाटलीवर जगवलेल्या पेशी

इंदिरापुरम, गाझियाबाद
३ डिसेंबर २०२४

डॉ. उत्तरा साबळे,
फरीदाबाद.

तुमची ई-मेल मिळाली. उत्तर कागदावर देते आहे, कारण ई-मेलच्या प्रती तुमच्या संस्थेत कुठे कुठे फिरतात ते मला ठाऊक आहे, आणि मला जे म्हणायचं आहे ते चारचौघांत म्हणण्यासारखं नाही.

बारा वर्षांत तुम्हाला माझी आठवण झाली नाही. दिवाळीला नाही, राजाभाऊंच्या बायपासच्या वेळी नाही. आता झाली, ती मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पेपर मागे घ्यावा म्हणून. सोबत मजकूरही तयार करून पाठवलात. मी फक्त खाली सही करायची. वा! गाइडचं काम विद्यार्थिनीने इतकं हलकं करून ठेवलं तर आणखी काय हवं?

तुमचं म्हणणं मला समजलं तसं लिहिते. पित्ताशयाच्या कॅन्सरवरचं औषध आता माणसांना देऊन बघणार आहेत. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात आहे. हे औषध चालेल असं प्रथम आपण म्हटलं, २००८ साली, त्या पेपरात. त्यात पहिलं नाव तुमचं, शेवटचं माझं. इस्पितळाने नियमाप्रमाणे आपल्या पेशींचे डीएनए ठसे तपासायला सांगितले. तुम्ही तपासले आणि निघालं काय, तर त्या पित्ताशयाच्या पेशी नाहीतच. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या आहेत. जगातल्या निम्म्या प्रयोगशाळांत असतात आणि तणासारख्या कुठेही माजतात त्या.

इथपर्यंत ठीक. पण तुमच्या मजकुरातलं तिसरं वाक्य मी पुनःपुन्हा वाचलं. "या पेशी मुळापासूनच चुकीच्या असाव्यात." मुळापासून म्हणजे माझ्यापासून. इस्पितळातून थर्मासमध्ये गाठीचा तुकडा आणून त्या पेशी मी वाढवल्या. सहा वेळा मेल्या, सातव्या वेळी जगल्या, म्हणून नाव डीजी-७. तेव्हा तुम्ही बी.एस्सी.च्या वर्गात बसला होतात. आणि आज तुम्ही मला सांगताय की मी जगवलं ते दुसरंच काहीतरी होतं!

तुम्ही-तुम्ही पुरे झालं, माझा हात दुखतो. उत्तरा, तुझ्या लॅबमध्ये काय गोंधळ आहे ते आधी बघ. नाचता येईना अंगण वाकडं. त्या पेपरला दोन हजारांच्या वर सायटेशन आहेत. त्यावर लोकांनी पीएच.डी. केल्या, नोकऱ्या मिळवल्या, तूही मिळवलीस. जगभर मी त्या पेशी फुकट वाटल्या, मागेल त्याला, कारण आमच्या पिढीत तशी रीत होती. त्या सगळ्यांना आता काय सांगू? माफ करा, वाण चुकीचं दिलं?

राजाभाऊ शेजारच्या खोलीतून ओरडताहेत, "विजू, यार, बी.पी.ची गोळी घेतलीस का?" घेतली नाही. आधी हे पत्र पुरं करते.

सही करणार नाही.

विजयालक्ष्मी दाबके


२० डिसेंबर २०२४

उत्तरा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी आवाज ओळखला नाही असं दाखवलं. ओळखला होता. तू अजूनही वाक्याच्या सुरुवातीला "मॅडम, ॲक्च्युअली" म्हणतेस.

मी फोनवर जे म्हटलं ते इथे पुन्हा लिहिते, म्हणजे उद्या कोणी शब्द फिरवायला नको. जुन्या संस्थेतल्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत डीजी-७ची एक व्हायल, एवढीशी कुपी, आहे. पहिलीच. २००१च्या हिवाळ्यात मी स्वतः गोठवली, तू यायच्या बऱ्याच आधी. नंतरचा सगळा साठा आपण पुढच्या पेशींतून केला. ही एक मात्र मी कोणाला हात लावू दिली नाही. शास्त्रीय कारण काही नाही, माया म्हण. तिची तपासणी होऊ दे. त्यात पित्ताशय निघालं तर "मुळापासून" हा शब्द तुला गिळावा लागेल.

यावर तू काय म्हणालीस? "मॅडम, त्याची गरज नाही." मग गप्प. इतकी गप्प की फोन कटला असं वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं. मग म्हणालीस, "अच्छा, ठीक आहे, करा." मला तेव्हाच कळलं, घाबरलीस.

काल राजाभाऊंना घेऊन मेट्रोने जुन्या संस्थेत गेले. दारावरच्या पोराने माझं नाव विचारलं, स्पेलिंग विचारलं, कोणाला भेटायचंय विचारलं. मी म्हटलं, "टंकी से मिलना है।" तो हसला नाही. माझ्या जागी आता कर्नाटकातला एक तरुण आहे, भला आहे, त्याने झाकण उघडून दिलं. ती पांढरी वाफ इतक्या वर्षांनी तोंडावर आली आणि मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. व्हायल सापडली. बोटाच्या पेराएवढी, वरचं माझं अक्षर पुसट झालेलं, पण वाचता येत होतं.

तुझ्या लॅबला देणार नाही आणि माझीही आता लॅब नाही. म्हणून गुरुग्रामच्या एका खाजगी लॅबला दिली. रिपोर्ट दोघींना एकदमच जाईल. आपलेपणाचा प्रश्न नको, तसा तो आता उरलाही नाही.

तू फोनवर म्हणालीस, "मॅडम, तुम्ही अजून त्या पेपरवर नाराज आहात का?" कुठला पेपर ते तू सांगितलं नाहीस, मलाही सांगायची गरज नव्हती. माझ्या पेशी फरीदाबादला नेल्यास, त्यांच्यावर काम केलंस, आणि २०१२ साली माझं नाव न घालता छापलंस. मला ते पुण्याच्या परिषदेत जेवणाच्या रांगेत कळलं. एका गृहस्थाने माझं अभिनंदन केलं, "तुमच्या विद्यार्थिनीचा पेपर वाचला," म्हणून. मी हातात ताट घेऊन "हो हो, छान झालाय" म्हटलं. मी तो वाचलाच नव्हता.

तर हो, नाराज आहे. पण त्याचा आणि याचा संबंध नाही. संबंध नाही असं मी राजाभाऊंनाही सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा?" आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं.

वि. दा.


१५ जानेवारी २०२५

उत्तरा,

रिपोर्ट अजून नाही. मधल्या सुट्ट्यांमुळे लांबला म्हणे. मीही हे पत्र त्यासाठी लिहीत नाही.

काल संक्रांत. मराठी मंडळाची बस दरवर्षीप्रमाणे पानिपतला, काला अंबला गेली. आपण दिल्लीकर मराठी माणसं चमत्कारिक, जिथे हरलो तिथे सहलीला जातो. धुक्यात समोरचं दिसत नव्हतं. ड्रायव्हर काचेला नाक लावून चालवत होता आणि मागे बायका तिळगूळ वाटत होत्या.

मंडळाचे भाऊसाहेब तुला आठवत असतील. माइक हातात आला की माणसाला विसरतात. करनालच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी माझी ओळख करून द्यायला घेतली. नवीन लोक बरेच होते, बदली होऊन आलेले. "आपल्यामध्ये बसल्या आहेत डॉ. विजयालक्ष्मीताई दाबके, ज्यांचं संशोधन आता थेट पेशंटपर्यंत पोचतंय!" टाळ्या. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "आणि त्यांची शिष्या, आपली उत्तरा, आता फरीदाबादला संचालक होते आहे. दहा फेब्रुवारीला इंटरव्ह्यू, पण समजा झालंच!" ते मला तिथे, माइकवरून कळलं. तू फोनवर बोलली नाहीस.

त्यानंतर त्यांनी ती गोष्ट सांगितली. माझीच. मीच मंडळात, सत्कारांत, निरोपाच्या भाषणात सांगून सांगून सगळ्यांना पाठ करून ठेवलेली.

२००५चा जून. संस्थेचा ट्रान्सफॉर्मर जळाला, जनरेटरनेही मान टाकली. मी आईच्या आजारपणासाठी साताऱ्याला. लॅबमध्ये तू एकटी. सगळे फ्लास्क थर्मोकोलच्या खोक्यात घातलेस आणि मांडीवर खोकं घेऊन रिक्षाने शहराच्या दुसऱ्या टोकाला मैत्रिणीच्या लॅबमध्ये नेलेस. पेशींना घालायचं मीडियम, म्हणजे त्यांचं अन्न, कस्टम्समध्ये अडकलेलं. हाताशी एकच बाटली. त्या एका बाटलीवर, वीज येईपर्यंत, या मुलीने सगळ्या पेशी जगवल्या. भाऊसाहेबांनी इथे आवाज चढवला, "एका बाटलीवर, मंडळी! अन्नपूर्णाच म्हणायची!" बस टाळ्यांनी दणाणली.

उत्तरा, ही गोष्ट मी इतकी वर्षं सांगत आले, पण ऐकली काल पहिल्यांदा.

एका बाटलीवर. सगळ्या पेशी. माझ्या लॅबचा पहिला नियम कोणता होता? प्रत्येक जातीच्या पेशींची बाटली वेगळी. एका जातीचं काम संपवून, पुसून, मगच दुसरी बाहेर काढायची. कारण फ्लास्कला लागलेली पिपेट बाटलीत परत गेली तर एका जातीच्या पेशी दुसरीत मिसळायला एक थेंब पुरतो. त्या खोक्यात डीजी-७ होत्या आणि तुलनेसाठी ठेवलेल्या गर्भाशयमुखाच्या पेशीही होत्या. हे मला माहीत होतं, कारण त्या मीच मागवल्या होत्या.

आणि मी साताऱ्याहून परत आले तेव्हा तू काय सांगितलंस? "मॅडम, या आता दुप्पट वेगाने वाढतायत." मी काय म्हटलं? "दिल्लीचा उन्हाळा पचवला पोरींनी, तावून सुलाखून निघाल्या!" आणि बंगाली मार्केटमधून जिलबी मागवली. दोघी शास्त्रज्ञ. तीस वर्षं पेशी बघणारी मी, आणि जिलबी खात बसले.

स्मारकापाशी सगळ्यांनी फुलं वाहिली. माझे हात गार पडले होते. राजाभाऊंना वाटलं थंडीने, त्यांनी आपला मफलर दिला.

मी अजून काही सिद्ध झालं असं म्हणत नाही. रिपोर्ट यायचाय. व्हायलमध्येही चुकीच्याच पेशी निघाल्या तर दोष माझा, आणि तुझी बाटली सुटली. देवाशपथ सांगते, काल बसमध्ये मला वाटून गेलं की तसंच निघावं. पण तू मला एका प्रश्नाचं उत्तर दे, फोनवर नको, समोर येऊन. "त्याची गरज नाही" असं तू का म्हणालीस?

वि. दा.


२२ जानेवारी २०२५

उत्तरा,

काल तू जिना उतरून गेल्यावर राजाभाऊ माझ्याशी बोलले नाहीत. तू आणलेला तिळगूळ टेबलावर तसाच आहे. ठेवू कुठे आणि टाकू कुठे!

रिपोर्ट तुलाही त्याच वेळी आला होता, तेव्हा आकडे लिहीत नाही. पहिल्या व्हायलमध्ये पित्ताशय आहे. अस्सल, माझं. मी जगवल्या त्या पेशी बरोबर होत्या. हे वाचून मी उडी मारायला हवी होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. माझं नाव धुऊन काढायला मी टाकीतून ती व्हायल काढली, आणि पाणी ओतलं ते तुझ्यावर.

काल माझं डोकं फिरलं, तेव्हा कोण काय म्हणालं याचा माझ्या मनात गोंधळ होऊ नये म्हणून लिहून ठेवते.

तू सोफ्यावर बसलीस, पर्स मांडीवर. राजाभाऊ चहा ठेवायला गेले. मी विचारलं, "तुला बाटली आठवली होती?"

"हो मॅडम."

"कधी?"

"ठशांचा रिपोर्ट आला त्याच दिवशी. सगळ्यात आधी तेच आठवलं."

"आणि तरी तू 'मुळापासून' लिहिलंस?"

तू माझ्याकडे बघून बोललीस, एवढं श्रेय देते. "मॅडम, ॲक्च्युअली, तुम्ही रिटायर झालायत. तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. लोक म्हणतील, जुना काळ होता, टेस्ट नव्हत्या, होतं असं. मला मात्र दहा तारखेला सात जणांसमोर बसायचंय."

मी म्हटलं, "म्हणजे माझ्या नावावर खपवायचं ठरलं होतं."

"तुम्हाला आता काय फरक पडतो?"

हे वाक्य तू रागाने म्हटलं असतंस तर मला चाललं असतं. तू खरंच विचारलंस. मला वाईट त्याचं वाटलं, आणि अजून वाटतंय.

पुढे तू म्हणालीस की आता व्हायलचा रिपोर्ट आल्यावर तू खोटं लिहिणार नाहीस, सगळं खरं लिहिशील, फक्त दहा फेब्रुवारीपर्यंत थांबा. मी विचारलं, "आणि पहिल्या पेशंटला औषध कधी?" तर म्हणालीस, "तीनला. पण मॅडम, पहिला आठवडा बिल्कुल छोटा डोस असतो. एका आठवड्याने काही होत नाही."

तिथे मी उठले आणि तुला जा म्हटलं. "निघ" म्हटलं, खरं तर. राजाभाऊ ट्रे घेऊन दारात उभे होते.

डिसेंबरात तू घाई करत होतीस आणि मी अडून बसले होते. आता मी घाई करते आहे आणि तू थांबा म्हणतेस. देवाला दिल्लीत काही काम उरलेलं दिसत नाही.

एका आठवड्याने काही होत नाही, हे तू कुठल्या प्रयोगावरून म्हणतेस? ते औषध त्या पेशींना मारतं हे आपण दाखवलं. त्या पेशीच त्या नव्हत्या. म्हणजे पित्ताशयावर त्याचं काय होतं हे तुला माहीत नाही, मला माहीत नाही, आणि इस्पितळातले डॉ. परीक्षित, जे आपल्या पेपरवर विश्वास ठेवून बसलेत, त्यांना तर हेही माहीत नाही की आपल्याला माहीत नाही.

ठशांचा रिपोर्ट तुझ्याकडे नोव्हेंबरपासून आहे. त्यांना तू अजून दिलेला नाहीस ना? काल विचारायचं राहिलं. विचारायचं राहिलं असं नाही, मी घाबरले विचारायला.

वि. दा.


२९ जानेवारी २०२५

उत्तरा,

तुझं उत्तर नाही. फोन मी उचलत नाही, तरी तू केला असतास तर कळलं असतं. केला नाहीस.

या पत्रासोबत एक प्रत आहे. मूळ पत्र आपला पेपर छापणाऱ्या मासिकाच्या संपादकांना आहे आणि दुसरं डॉ. परीक्षित यांना. दोन्ही ३१ तारखेला दुपारी जातील. मासिकाच्या नियमाप्रमाणे माझी एकटीची सही चालते. तुझी नसेल तर ते "पहिल्या लेखिकेने सहमती दिली नाही" एवढं छापतील. ते वाक्य मला वाचायचं नाही.

मी जे लिहिलंय ते वाच. २००५च्या जूनमध्ये वीज गेली, दोन जातींच्या पेशी एका बाटलीतून पोसल्या गेल्या, हे तुझ्या हातून झालं. तुझं नाव आहे. ते मी लपवलेलं नाही, कारण अर्धवट खरं छापलं तर ज्याने ज्याने त्या पेशी मागून नेल्या त्याला नेमकं कुठल्या वर्षापासूनचं काम फेकायचं ते कळणार नाही. पुढचंही लिहिलंय: परत आल्यावर पेशी वेगाने वाढताना दिसल्या, तरी प्रमुख या नात्याने मी तपासणी सांगितली नाही, उलट कौतुक केलं. तेही खरंच आहे.

राजाभाऊ तुझ्या बाजूने आहेत. रोज आहेत. "पोरीचं करिअर आहे, यार विजू. दहा दिवसांनी काय आकाश कोसळतंय?" मी म्हटलं, आकाश नाही, कोणाचं तरी यकृत. त्यावर ते चिडले. आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली, आणि पहिल्यांदाच ते जेवताना दुसऱ्या खोलीत बसले.

तुला खरं सांगू? व्हायल गुरुग्रामला दिली तेव्हा मला तुला हरवायचं होतं. पुण्याच्या त्या जेवणाच्या रांगेपासून हरवायचं होतं. आता हरवता येतंय तर सकाळपासून पाकिटाला डिंक लावायला हात होत नाही. तू माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी होतीस. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, मागे मात्र सगळ्यांना सांगितलं, त्या बाटलीच्या गोष्टीसकट. तुला संचालक झालेलं बघायची मला हौस आहे. अजूनही आहे. पण त्यासाठी कोणाच्या तरी बायकोच्या तोंडात ती गोळी जाऊ द्यायची नाही.

एकतीसला दुपारी बारापर्यंत वाट बघते. यायचं असेल तर ये, नसेल तर नको. मी पोस्टात स्वतः जाणार आहे.

विजयालक्ष्मी


५ फेब्रुवारी २०२५

उत्तरा,

परवा गाडीत आपण अर्धी दिल्ली ओलांडली आणि एक शब्द बोललो नाही. मला बोलता येत नव्हतं. तू गाडी चालवत होतीस, म्हणून तुला निमित्त होतं. आता लिहिते.

एकतीसला सकाळी बेल वाजली तेव्हा मी पाकिटं हातात घेऊन चपला शोधत होते. तू दारात. राजाभाऊंनी तुला आत ओढलंच. तू म्हणालीस, "मॅडम, पोस्टाने नको. परीक्षित सरांना मी सांगून आले." मला आधी वाटलं, सांगितलं म्हणजे माझ्या पत्राकडे दहापर्यंत लक्ष देऊ नका असं सांगितलं. मग तू म्हणालीस की बाटलीसकट सगळं सांगितलंस, आणि त्याच सकाळी संचालकपदासाठीचं नावही काढून घेतलंस. कोणी काढायला सांगितलं होतं? मी तर नव्हतं सांगितलं. पण तू म्हणालीस, "मॅडम, त्या सात जणांसमोर हे लपवून बसता आलं नसतं, आणि सांगून बसण्याइतकी मी शूर नाही." मग माझ्या पत्रावर माझ्या सहीशेजारी सही केलीस. पेन माझं होतं. परत दिलं नाहीस.

परीक्षितनी तुला झापलं, मला नाही. म्हातारीचा मान राखला. सोमवारी, म्हणजे तीनला, त्यांनी आपल्या दोघींना बोलावलं तेव्हा मला वाटलं आता माझी पाळी. पण त्यांना फक्त पेपरातले बारकावे विचारायचे होते. खरं काम बाहेर होतं. बाहेर बाकावर बुलंदशहरच्या त्या बाई बसल्या होत्या, ज्यांना त्या दिवशी पहिली गोळी मिळायची होती. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी निरोप द्यायचा कोणीतरी विसरलं, आणि त्या पहाटेची बस धरून नवऱ्यासोबत आल्या होत्या.

परीक्षित उठले तर तू म्हणालीस, "सर, मी सांगते." मी मागोमाग आले ते माझ्या पायांनी आले, मनाने नाही.

तू त्यांच्यासमोर जमिनीवर उकिडवी बसलीस. अंगावर ती चांगली सिल्कची साडी. "माताजी, वो दवाई अब नहीं दी जाएगी। हमारे काम में गलती निकली है।"

नवऱ्याने विचारलं, "दवाई खराब है?"

"दवाई का पता नहीं, बाबूजी। हम गलत थे।"

तो माझ्याकडे बघायला लागला, पांढरे केस बघून. मी मान हलवली. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त पिशवीतले कागद नीट केले, परत जायची तयारी.

बाईंनी मात्र तुझा हात धरला. डोळे पिवळे झालेले, हाडांवर कातडी. त्या म्हणाल्या, "कोई बात नहीं, बेटी। तो अब कौन-सी दवाई देंगे?"



कालपासून मी संगणकावर त्या पेपरचं पान उघडून बसले आहे. मासिकाने तातडीची सूचना वर लावली आहे, मागे घेतल्याचा मजकूर नंतर येईल. खाली दोन हजारांच्या वर सायटेशन अजून दिसताहेत. उद्याही दिसतील, लोक सूचना वाचत नाहीत. ते सगळं माझं आयुष्य होतं. पण रडू आलं ते "कोई बात नहीं"ला आलं. राजाभाऊंनी विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, आणि मग त्यांना सगळं सांगितलं. जेवताना ते माझ्यासमोर बसले.

उत्तरा, त्या बाईंनी जे विचारलं त्याचं उत्तर त्यांच्या हयातीत सापडेल असं मला वाटत नाही, आणि खोटं मी बोलणार नाही. पण त्यांच्यासारख्या पुढच्या बाई याच बाकावर येऊन हाच प्रश्न विचारतील. मी बहात्तरची आहे, माझ्याने काम होणार नाही. तुझ्याने होईल. तुला आता वेळ आहे. संचालक झाली असतीस तर फायलींवर सह्या करत बसली असतीस.

तुझी
मॅडम